महाडहून परतलेली माणसं

महाडची गोष्ट आमच्या घरात चवदार तळ्यापासून सुरू व्हायची नाही. थोरले आबा सांगायला बसले, की ती दासगाव बंदरात बोट लागल्यापासून सुरू व्हायची. आजीनं सांगितली, तर तिच्या बापाच्या वाकड्या हातापासून. तळं मध्ये कुठंतरी यायचं आणि दोघांच्याही सांगण्यात फार वेळ टिकायचं नाही.

आमचं मूळ ठिकाण म्हशाजवळची एक वाडी. म्हसा हे मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. पौषी पौर्णिमेच्या जत्रेमुळे ठाणे जिल्ह्यात ते माहीत नाही असा माणूस विरळा. खांबलिंगेश्वराचे नवस, बैलबाजार, घोंगड्यांची दुकानं, पाळणे, आणि पुढे कित्येक दिवस रस्त्यावर रेंगाळणारी गुरांची धूळ. थोरले आबा, म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, मुंबईला गोदीत कामाला होते. वर्षभर तोंड दाखवलं नाही तरी जत्रेला यायचेच. त्यामुळे महाड आम्हां पोरांच्या वाट्याला यायचं ते थंडीत, शेकोटीभोवती, अंगावर नव्या घोंगडीचा वास घेत.

जत्रेला निघताना पाण्याचं मडकं ओल्या फडक्यात गुंडाळून बरोबर न्यायची आमच्या घरची रीत होती. माझ्या लहानपणी त्याची काही गरज उरली नव्हती, पण आजीनं ती सोडली नाही. ‘आपलं असल्यालं बरं,’ एवढंच म्हणायची. आबांच्या तरुणपणी जत्रेतला बैल दिसेल त्या पाणवठ्याला तोंड लावायचा आणि त्याच्यामागे चालणाऱ्या आमच्या माणसानं मात्र कुणी वरून ओतेल का म्हणून वाट बघायची. हे सांगून झालं की आबा हटकून दासगावला पोचायचे.

आजी त्यांच्यासमोर बोलत नसे. थोरले दीर ते. डोईवरचा पदर सारखा करून ती दाराआड बसायची आणि जे म्हणायचं ते चुलीला नाहीतर तांब्याला उद्देशून म्हणायची. आबा रंगात आले, की सांगायचे, ‘बाबासाहेबांनी ओंजळ भरून पाणी घेतलं, ते या डोळ्यांनी बघितलं मी.’ त्यावर आतून आवाज यायचा, ‘तांब्या, इचार त्यांना, बोटीनं गेलं ते शिमग्यात का पुसात?’

आजीचं माहेर सावित्रीकाठचं, दासगाव आणि महाड यांच्यामधलं. तिचा बाप महाडला गेला तो शिमग्यात. आबा गेले ते पुसात. पंचांगानं दोघांनाही पुरावा दिलेला आहे. १९२७ साली फाल्गुनी पौर्णिमा १८ मार्चला होती आणि महाडची अस्पृश्यांची परिषद १९ आणि २० मार्चला भरली. डिसेंबरातली सत्याग्रह परिषद २५ तारखेला सुरू झाली तेव्हा पौष नुकता लागलेला होता. तळ्याचं पाणी प्यायलं गेलं ते मार्चमध्ये. डिसेंबरात कुणीही तळ्यात उतरलं नाही. म्हणजे आबांनी ती ओंजळ पाहिली असणं शक्य नव्हतं, आणि आजीला हे पक्कं ठाऊक होतं. तरी प्रत्येक जत्रेला आबा ती ओंजळ पाहायचेच.

महाड हे सावित्रीच्या काठचं जुनं व्यापारी गाव. गांधारी नदी तिथंच सावित्रीला मिळते. घाटावरचा माल इथं उतरायचा आणि दासगावच्या खाडीतून मुंबईला जायचा. रायगड हाकेच्या अंतरावर. आजूबाजूच्या खेड्यांतले अनेक महार पलटणीतून पेन्शन घेऊन परतलेले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळ बाबा वलंगकर हे त्यांच्यातलेच. जोतीराव फुल्यांच्या विचारानं भारलेल्या या माणसानं १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली होती. महाडला जे घडलं त्याच्या मागे चाळीस वर्षांची ही मशागत होती. बाबासाहेब एक दिवस आले, बोलले आणि लोक तळ्याकडे निघाले, असं भाषणांत सांगतात. तसं ते नव्हतं.

कागदही आधीच तयार होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशानं बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेनं त्याला धरून चवदार तळं सर्वांना खुलं केलं. सुरेंद्रनाथ टिपणीस, ज्यांना सगळे सुरबानाना म्हणत, ते या कामात पुढे होते. तीन वर्षं गेली. तळं कागदावर उघडं होतं आणि त्यात आमच्या लोकांची एकही घागर बुडली नाही. तळ्याच्या चहूबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरं. तिथं उतरायला ठराव पुरत नव्हता.

परिषदेचा घाट घातला तो रामचंद्र बाबाजी मोरे या चोवीस वर्षांच्या तरुणानं. मोरे लाडवलीचे, म्हणजे महाडच्या शेजारचेच. महाडच्या इंग्रजी शाळेनं दार लावलं तेव्हा पोरवयात त्याविरुद्ध लिहून त्यांनी प्रवेश मिळवला होता. पुढे ते कम्युनिस्ट झाले आणि बाबासाहेबांशी त्यांचं नातं तरीही तुटलं नाही. मोरे, अनंतराव चित्रे आणि सुरबानाना यांनी गावोगाव हिंडून माणसं गोळा केली. आमच्या पणजोबांपर्यंत, म्हणजे आजीच्या बापापर्यंत, निरोप आला तो असाच, कुणा पेन्शनर सुभेदाराकडून.

आजी सांगायची, बाप निघाला तेव्हा आईनं विचारलं, ‘तिथं पानी पियाला कशाला? घरची इहीर आटली काय?’ तो म्हणाला, ‘आटली नाय म्हणूनच.’ ह्या उत्तराचा अर्थ मला बरीच वर्षं लागला नाही. आजीलाही तो कधी विचारावासा वाटला नाही. बापाचं बोलणं होतं, एवढं तिला पुरेसं होतं.

परिषदेला दोन-तीन हजार माणूस जमला आणि पहिली अडचण पाण्याचीच आली. महाडात आमच्या लोकांना पाणी मिळेल असं ठिकाणच नव्हतं. शेवटी सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. चाळीस रुपयांचं! तळ्याच्या गावात, तळ्यावर हक्क सांगायला आलेल्यांनी. आजीच्या बापानं ही रक्कम मरेपर्यंत लक्षात ठेवली होती. बाबासाहेबांच्या भाषणातलं त्याला किती आठवत होतं ठाऊक नाही. मेलेलं जनावर खाऊ नका, उष्टं मागू नका, पोरांना शाळेत घाला, एवढं मात्र आठवत होतं, कारण त्यातलं पहिलं आणि दुसरं त्यानं घरी येताच बंद केलं होतं आणि त्यापायी घरात भांडण झालं होतं.

२० तारखेला सभा संपता संपता प्रस्ताव आला, की आत्ताच्या आत्ता तळ्यावर जाऊ. माणसं रांगेनं बाजारातून निघाली. बाबासाहेब पायऱ्या उतरले, पाणी प्याले, मागोमाग बाकीचे प्याले. मिरवणूक शांतपणे मांडवात परतली. पणजोबाच्या गोष्टीत हा भाग एका वाक्याचा होता: ‘प्यालो आन आलो.’

त्याची गोष्ट पुढे सुरू व्हायची. गावात आवई उठली, की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. दोनेक तासांत लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव मांडवावर आला. काही जण परतीची तयारी करत होते, काही जेवत होते. भाकरी मातीत गेल्या, भांडी फुटली. बाजारात सामान घ्यायला गेलेले एकेकटे गाठून मारले. बायापोरं सुटली नाहीत. कित्येकांना मुसलमानांच्या घरांनी दार उघडून आत घेतलं. डाक बंगल्यावर बाबासाहेबांपाशी जी माणसं जमली, त्यांत पलटणीत बंदूक चालवलेले होते. हुकूम द्या, म्हणत होते. बाबासाहेबांनी दिला नाही. सगळ्यांना आवरून धरलं.

पणजोबा मात्र बंगल्यावर नव्हता. तो आपल्या गावचे तिघेचौघे घेऊन सांजेच्या आत घर गाठायचं म्हणून निघाला होता. गावोगाव सांगावे गेले होते, की महाडहून परतणाऱ्यांना सोडू नका. वाटेत त्यांना अडवलं. मारणारे अनोळखी नव्हते, हे आजी दरवेळी सांगायची. ज्यांच्या खळ्यावर बाप राबायचा, त्यांतलेच दोघे. डाव्या हाताचं हाड मोडलं. वैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि ते बसलं ते वाकडंच. पुढच्या पावसाळ्यात त्याच हातानं, त्याच खळ्याच्या मालकाच्या शेतात त्यानं आवणी केली, कारण दुसरीकडे काम नव्हतं. हे सांगताना आजी आपला डावा हात कोपरातून किंचित बाहेर वळवून दाखवायची. आम्ही पोरं तिची नक्कल करायचो. ती रागवायची नाही.

तळ्याचं काय झालं ते पुस्तकांत आहे. बाटलं म्हणून त्यात दही, दूध, शेण, गोमूत्र घातलेल्या १०८ घागरी ओतून ते शुद्ध करून घेतलं. मारहाणीबद्दल खटला चालला आणि पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. ३ एप्रिलला बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केलं. ऑगस्टमध्ये महाड नगरपालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला. म्हणून डिसेंबर.

आणि डिसेंबर म्हणजे थोरले आबा. वय अठरा-एकोणीस. ‘पद्मावती’ बोटीनं मुंबईहून निघालेल्यांत ते होते, असं ते सांगायचे. रस्त्यानं न्यायला मोटारवाले तयार नव्हते, म्हणून बोट. दासगावला उतरून तिथून पायी महाड. सभेला जागा द्यायला एकही हिंदू पुढे आला नाही तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली, तिथं मांडव पडला. २५ च्या रात्री मांडवासमोर खणलेल्या वेदीत मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे स्वतः ब्राह्मण होते. आबा या जागी थांबून विडी पेटवायचे आणि तिच्या उजेडात आमच्याकडे बघायचे. ही आग तरी त्यांनी पाहिली होती. त्यावर तांब्याला काही विचारलं जायचं नाही.

पण तळं? सनातन्यांनी दिवाणी दावा लावून १४ डिसेंबरला मनाई हुकूम आणला होता. तळं खासगी आहे, असा दावा. तुरुंगात जायची तयारी ठेवून जवळजवळ चार हजार जणांनी सत्याग्रहासाठी नावं दिली होती. कलेक्टर सभेत येऊन हुकूम मोडू नका म्हणून सांगून गेले. रात्रभर खल झाला. सरकारशी नव्हे, सवर्णांशी भांडण आहे, कोर्टाचा निकाल लागू द्या, असं म्हणून बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. २७ तारखेला लोकांनी तळ्याला वळसा घालून मिरवणूक काढली आणि परतले.

मला वाटतं, आबांची ती ओंजळ इथून आली. मुंबईहून बोटीनं, थंडीत कुडकुडत, तुरुंगाच्या तयारीनं गेलेला पोरगा तळ्याला प्रदक्षिणा घालून कोरड्या घशानं परत आला, हे सांगायला त्यांची जीभ रेटत नसावी. बाबासाहेबांचा निर्णय बरोबर होता, हे ते कबूल करायचे. ‘कोर्टाचा हुकूम मोडला असता तर गोळीच चालली असती,’ म्हणायचे. पण ओंजळ सोडायचे नाहीत. लोक अशा वेळी खोटं बोलतात म्हणावं का? मी तरी म्हणणार नाही.

पुसात आजीचा बापही पुन्हा आला होता. त्याच मांडवात कुणीतरी कुणाला तरी सांगितलं, ‘हा मुरबाडकडचा पोरगा, गोदीत आहे,’ आणि आजीच्या बापाची आणि आबांची गाठ पडली. बऱ्याच वर्षांनी आबांच्या धाकट्या भावाला त्यानं मुलगी दिली. सावित्रीकाठची पोर म्हशाला आली ती अशी. आमचं घर महाडच्या सत्याग्रहातून उभं राहिलं, हे विधान त्यामुळे आमच्यापुरतं शब्दशः खरं आहे.

कोर्टाचं प्रकरण दहा वर्षं चाललं. महाडच्या न्यायालयानं १९३१ मध्ये दावा फेटाळला. अपील गेलं ते ठाण्याला, तिथं १९३३ मध्ये तेच झालं. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी सनातन्यांचं अपील काढून टाकलं. अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आल्याचं सिद्ध होत नाही, असा तो निकाल. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारेच. आमच्या घरात या निकालाचा शब्द कधी निघाला नाही. जमिनीच्या दाव्यापायी ठाण्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेली आमची माणसं. चवदार तळ्याचा एक निकाल त्याच गावात लागला होता हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी महाड म्हणजे रस्ता, मार आणि बोट.

अमेरिकेच्या दक्षिण भागात, अलाबामा नदीच्या काठी, सेल्मा नावाचं महाडसारखंच एक लहान शहर आहे. ७ मार्च १९६५ रोजी मताचा हक्क मागत निघालेल्या काळ्या लोकांना तिथल्या एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी झोडपून काढलं. दोन आठवड्यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर मोर्चा पुन्हा निघाला, माँटगोमेरीला पोचला, आणि ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. सेल्माच्या त्या दिवसाला तिकडे ‘रक्तरंजित रविवार’ म्हणतात. २० मार्च १९२७ हाही रविवारच होता. सेल्मानं मार लक्षात ठेवला. दरवर्षी मार्चमध्ये लोक त्या पुलावरून चालत जातात आणि त्या दिवशी मार खाल्लेले म्हातारे-म्हाताऱ्या पुढे असायच्या. आपण ओंजळ लक्षात ठेवली आणि मार दोन ओळींत आटोपला. माझं मत विचाराल तर हे आपण सन्मानापोटी केलं. पाणी पिणारा ताठ उभा दिसतो. पुतळा त्याचा होतो. वाकड्या हाताचा होत नाही. बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’मध्ये त्या दिवसाबद्दल भरभरून लिहिलं आहे, मारहाणीसकट. विसरलो ते आपण, भाषणं करता करता.

आमच्याच तालुक्यात सिद्धगड आहे. २ जानेवारी १९४३ रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथं इंग्रजांच्या गोळीला बळी पडले. दरवर्षी त्या तारखेला पहाटे माणसं तिथं जमतात, नावं घेतात. गावोगावच्या शाळेतल्या पोरांना ती नावं पाठ आहेत, असावीतच. महाडहून परतताना वाटेत गाठून मारलेल्यांची नावं कुठल्या शाळेत कुणाला पाठ आहेत?

महाडला आता मोठा क्रांतिस्तंभ आहे, तळ्याला बांधीव काठ आहे, २० मार्चला आणि २५ डिसेंबरला माणसांचा पूर येतो. सावित्रीचा पूर वेगळा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तिच्यावरचा इंग्रजांच्या काळातला पूल एसटी गाड्यांसकट वाहून गेला, आणि २०२१ च्या जुलैत अख्खं गाव पाण्याखाली होतं. आजी असती तर म्हणाली असती, आता हवं तेवढं पानी. तिचं बोलणं असंच असायचं.

इकडे आमच्या बाजूला शहापूर तालुक्यातून तानसा आणि भातसा मुंबईला पाणी देतात. मुरबाडच्या अंगाला बारवी धरण आहे, ते कारखान्यांना आणि बदलापूर-डोंबिवलीकडच्या शहरांना. आणि शहापूरच्या कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. धरणाच्या भिंतीच्या खालच्या अंगाला हंडे घेऊन बसलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. आमच्या वाडीवर टँकर आला, की सगळे हंडे एकाच रांगेत लागतात आणि कुणी कुणाचा हंडा बाजूला काढत नाही. आजीच्या बापाला ही रांग बघायला आवडली असती. टँकर का लागतो, हेही त्यानं लगेच विचारलं असतं.

आबा गेले, आजी गेली. तिच्या बापाबरोबर त्या दिवशी वाटेत कोण कोण होतं, त्यांची नावं तिला ठाऊक होती आणि ती आमच्यापैकी कुणीही लिहून घेतली नाहीत. रायगड, रत्नागिरी, ठाणे, मुंबईच्या चाळी, इथल्या कितीतरी घरांत अजून कुणी ऐंशी-नव्वदीतलं माणूस असेल, ज्याच्या बापानं किंवा आजानं १९२७ साली महाडची वाट धरली होती. त्याला पाण्याबद्दल विचारू नका, ते आपल्याला माहीत आहे. परतताना कुठल्या गावात अडवलं, कुणी घरात घेतलं, किती दिवस काम बंद झालं, बरोबर कोण होतं, हे विचारा. गावाचं नाव, माणसाचं नाव वहीत उतरवा. सांगताना तारीख चुकली, शिमग्याचं पुसात गेलं, तरी मध्ये बोलू नका. पंचांग नंतर बघता येतं.